एका रंगासाठी चार रात्री

बीड जिल्ह्यात मी एक रंग आणायला गेले होते आणि तो घेऊनच आले. थोडा कमी आला, पण आला. "बीडला? रंग आणायला?" असं म्हणून ज्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं त्यांच्यासाठी, आणि जे तिकडे कधी गेलेलेच नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रंग कमी का आला तेही सांगणार आहे. ते मात्र सगळ्यात शेवटी.

आधी रंगाचं. मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर काचपट्ट्यांवरच्या पेशी रंगवते आणि रात्री सोसायटीच्या गच्चीवरून तेजोमेघांचे फोटो काढते. तेजोमेघ म्हणजे आकाशातले वायूचे ढग, ज्यांना इंग्रजीत नेब्यूला म्हणतात. पुण्याच्या आभाळात डोळ्यांना चार तारे दिसायची मारामार, तिथं हे ढग कुठले दिसायला! त्यावर तोड म्हणजे नॅरोबँड फिल्टर. ही कॅमेऱ्यापुढे बसवायची एक लहानशी काच असते आणि ती चाळणीचं काम करते, एक रंग सोडून बाकी सगळे अडवते. हायड्रोजनच्या काचेतून फक्त हायड्रोजनचा तांबडा येतो. गंधकाच्या काचेतून त्याहून गडद तांबडा. ऑक्सिजनच्या काचेतून मोरपंखी. तीन काचांतून तीन वेगळे फोटो काढायचे आणि घरी बसून त्यांचं एक चित्र करायचं.

माझा जीव जडला होता तो रोझेट नावाच्या तेजोमेघावर. मृगातल्या काक्षी या तांबड्या ताऱ्याकडून प्रश्वा या पांढऱ्या ताऱ्याकडे नजर नेली की वाटेत तो लागतो, फुललेल्या गुलाबासारखा गोल. त्याचा हायड्रोजन आणि गंधक मी दोन हिवाळे गच्चीवरूनच मिळवले, डोक्यावर चंद्र असतानासुद्धा. तांबडा रंग तसा दणकट. ऑक्सिजन मात्र महा नाजूक, कारण रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत तोच रंग मिसळलेला असतो आणि चांदण्यातही असतो. काच बिचारी काय काय अडवणार? दोन वर्षं माझ्या गुलाबाच्या मधोमध नुसतं भोक होतं, आणि ते मला झोपेतसुद्धा दिसायचं.

लॅबमधली माझी मैत्रीण सुषमा एकदा डबा खाताना म्हणाली, "माझ्या मावशीच्या वस्तीवर जा. हिवाळ्यात सगळी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. माणूसच नाही तर दिवा कुठला?" मी जानेवारीतली अवस बघितली, चार रात्रींची रजा टाकली आणि निघाले.

पालीच्या वर

रस्त्याचं सांगत बसत नाही. रस्ता होता, गाडी होती, मी चालवत होते. पालीला बिंदुसरा धरणाच्या अलीकडे चहाला थांबले, तर टपरीवाल्यानं मागच्या सीटवरचा तिपाई स्टँड हेरला.

"सर्वे हाय का म्याडम? पवनचक्कीवाले का सोलरवाले?"

"आकाशाचा सर्व्हे आहे."

"त्याची बी कंपनी आली का आता?" असं म्हणून त्यानं मला न विचारताच दुसरा अर्धा कप ओतला. पुण्यात असा चहा मिळायचा नाही, आणि मिळाला तर संशय येईल.

वस्ती पालीपासून पुढे, डोंगरात चढून गेल्यावर. आठ घरं. सातांना कुलपं आणि आठव्यात गयाबाई, म्हणजे सुषमाची मावशी. साठीच्या आसपासच्या, काटक, आणि बोलायला फटकळ. पंचवीस-तीस वर्षं उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून गुडघे गेले म्हणून आता त्या मागे राहतात आणि सगळ्यांची घरं सांभाळतात. त्यांनी मला पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली.

"तुमी एकट्याच? मालक कुठं हायत?"

"घरी. स्वयंपाक करत असतील."

त्यांनी मला खालून वर पाहून घेतलं. "बरं हाय की मंग. पर आवसंला कोन गावाला निघतं का बाय?"

"मावशी, मला अवसच पाहिजे. चंद्र नको."

"चंद्रानं काय वाकडं केलं तुमचं?"

त्यांच्या घरासमोरचं जुनं खळं मला फार आवडलं. टणक, सपाट, दक्षिणेकडे मोकळं आणि बीड शहराचा उजेड पार पाठीमागे. दुर्बीण उभी करायला घेतली आणि लक्षात आलं की वजन विसरलं! दुर्बिणीच्या विरुद्ध टोकाला दांड्यावर वजन लावावं लागतं, नाहीतर ती एका अंगाला झुकते. ते पाच किलोचं वजन पुण्यात पलंगाखाली सुखात पडलं होतं. दुसरी कुणी असती तर रडली असती. मी मावशींचा वरवंटा उचलला, ओढणीनं दांड्याला करकचून बांधला, कमी पडलं तेवढी पाण्याची बाटली लटकवली, आणि माझी लाखमोलाची दुर्बीण झकास तोलली गेली.

"आता चटणी काय तुमच्या टकुऱ्यावर वाटू?" मावशी म्हणाल्या. मग त्यांनी खलबत्त्यात तिळाची चटणी कुटली. बाजरीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी होती. ती आमटी मी तीन वाट्या प्याले आणि अजून एक घेतली असती.

दिवस मावळला आणि मावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या. एकेक कुलूप काढायचं, आत जाऊन बटण दाबायचं, दार ओढून पुन्हा कुलूप. सात घरांच्या दारांवर सात पांढरेफटक बल्ब पेटले! सुषमाची मान मुरगळावीशी वाटली. माणूस नाही तर दिवा कुठला म्हणे.

ती रात्र मी हार न मानता काढली. बाजेवर गोधडी टाकून आडोसा केला, खोके उभे केले, छत्री धरली. सगळं फुकट. ऑक्सिजनच्या काचेला ते बल्ब म्हणजे घरचीच मंडळी, ती त्यांना कशाला अडवते? प्रत्येक फोटोत एका बाजूनं दूध सांडल्यासारखं पांढुरकं. "मी पलीकडच्या रानात जाते," असं म्हणून बघितलं.

"रानात रातच्या लाईटीवर पानी सोडत्यात. चिखल असतो, डुकरं असत्यात. तुमाला काई झालं तर सुषमाला काय तोंड दाखवू? न्हाई."

दिव्यांचा सौदा

सकाळी उठले तर मावशी एका कुलूपबंद घरापुढचं अंगण झाडत होत्या. झाडून झाल्यावर त्यांनी शेजारच्या दोरीवरची दोन लुगडी आणि एक सदरा काढला आणि या घराच्या दोरीवर वाळत घातला. कपडे कोरडे होते.

"कोरडे कपडे कावून वाळत घालता?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

त्या हसल्या. "आज ह्यांच्या दारी, उद्या त्यांच्या. बघनाऱ्याला वाटलं पायजे की घरात मानूस हाय. लाईट बी त्याच्यासाठीच."

मग हरभऱ्याच्या बांधावर बसून, शेणीच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, हुरडा भाजत त्यांनी नीट सांगितलं. दोन सालांमागं एका घरातली पत्र्याची पेटी गेली होती. लेकीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी होती तीत. त्या रात्री त्या घरावरचा बल्ब उडालेला होता आणि मावशींनी सकाळी बदलू म्हणून ठेवलं होतं. पोरीच्या आईनं तोडीवरून येऊन त्यांना एक शब्द विचारला नाही. "इचारलं असतं तर बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या आणि गरम कणीस तळहातावर चोळून हुरड्याची मूठ माझ्या हातात दिली. आम्ही पुण्याचे लोक घर बंद करताना शेजाऱ्याला फक्त दुधाच्या पिशवीचं सांगतो.

मला हे सगळं पटलं. पण माझं भोकही मला दिसत होतं. मी कंबर कसली.

"मावशी, बल्ब कशासाठी? माणूस आहे असं वाटावं म्हणून ना? मग मी आहे की खरीखुरी माणूस! रात्रभर खळ्यावर जागीच असते. दर तासाला सात घरांवरून फेरी मारीन. बल्ब काय चोराला ओरडणार आहे? मी ओरडते, मला चांगलं ओरडता येतं."

"ते दिसतंच."

"तीन रात्री द्या. माझ्याकडे नाजूक मंद लाल बॅटरी आहे, तिनं फोटो बिघडत नाहीत. दुसरा उजेड तेवढा नको. पाच मिनिटांचा एक फोटो असतो, मध्ये पांढरा उजेड पडला की गेला."

मावशींनी आर उकरला. "माझ्या जबानीवर सात घरं हायत, बाय."

"मग माझी पण जबान घ्या."

त्यांनी घेतली. संध्याकाळी जुडगा खुंटीलाच राहिला.

आता त्या रात्रीचं काय सांगू! डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, आणि वर आभाळ असं भरलेलं की ओळखीचे तारे शोधायला मला, मला, वेळ लागला. लांब डोंगरावर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे लुकलुकत होते. लुकलुका बापडे, म्हटलं, तुमचा तांबडा माझ्या काचेतून आत यायचा नाही. पहिला पाच मिनिटांचा फोटो पडद्यावर उमटला, आणि गुलाबाच्या मधोमध, जिथं दोन वर्षं काही नव्हतं, तिथं धुक्यासारखं काहीतरी होतं. मी एकटीच मोठ्यानं "आला गं बाई आला!" म्हणाले. लांबून कुत्रं भुंकलं.

फेऱ्यांचं खरं सांगते. दर तासाला म्हटलं होतं, दोनच झाल्या. एकदा दुर्बिणीची कूस बदलायची वेळ आली, कारण तारा डोक्यावरून पलीकडे गेला की तिला उलटं फिरवावं लागतं. एकदा थंडी वाजली. पण जागी होते, आणि सकाळी सातही कुलपं जागच्या जागी होती. मी मावशींना ऐटीत म्हणाले, "बघा, बल्बापेक्षा चांगली आहे की नाही मी?"

"हाय की," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

करडा गुलाब

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशींना लॅपटॉपवर फोटो दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"रंग कुठं हाय ह्यात?"

झाली का पंचाईत! माझा कॅमेरा काळा-पांढराच आहे. काच एकच रंग आत सोडते, कॅमेरा तो नुसता मोजतो, आणि चित्रात रंग मी घरी भरते. आमच्या लॅबमध्ये पेशीसुद्धा पाण्यासारख्या असतात, रंग आम्ही चढवतो, तेव्हा डॉक्टरांना दिसतं. हे सगळं मी समजावून सांगितलं.

"म्हंजी दोन दिसं झाले तुमी आंधार मागिताव, आन् निघालं हे राखंवानी?"

"राख नाही मावशी, ऑक्सिजन आहे. आपण श्वासात घेतो तो."

"हितं काय कमी हाय का?" त्या म्हणाल्या. पण फोटो त्यांनी पुन्हा मागून घेतला आणि मधल्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "गाभा हाय त्यो." मला इतका आनंद झाला की काय सांगू. आकाशाचे फोटो काढणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या भल्याभल्यांना त्या मधल्या जागेचं महत्त्व कळत नाही.

तिसऱ्या रात्री वारा पडला होता आणि आदल्या रात्रीपेक्षाही आभाळ स्वच्छ. साडेदहाला दुर्बिणीची कूस बदलली, सगळं सुरळीत चाललंय हे पाहिलं, एक फेरी मारली. अकराला बाजेवर जरा पाठ टेकली. जरा.

जाग आली ती कोंबड्यानं. माझ्या अंगावर एक गोधडी होती ती दोन झाली होती. दुर्बीण आपली आपण थांबून पश्चिमेकडे तोंड करून उभी. आणि माझ्या डोक्यात एकदम घण पडला: कुलपं!

मी अनवाणी धावले. पहिलं घर, दुसरं, तिसरं. प्रत्येक कुलूप ओढून पाहिलं. सातही शाबूत. खळ्यावर परत येऊन फोटो पाहिले, तर एकही वाया गेला नव्हता. रात्रभरात उजेडाचा एक ठिपका पडला नव्हता कुठं. माझं नशीबच बलवत्तर, असं मी स्वतःला म्हटलं. मला स्वतःचं कौतुक करायला फार वेळ लागत नाही.

चहाला आत गेले. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. हळद चिंधीच्या बाहेर आली होती आणि तिच्याखालचं रक्तही.

"काय झालं हो?"

"ठेच लागली. नख गेलं जरासं."

"कधी?"

"रातच्याला. तिकडल्या कोपऱ्यावरच्या दगडाला." मग माझ्याकडे न बघता, "तुमी झोपलात. मी कुलपं बघायला गेलते."

"अंधारात? बॅटरी का नाही घेतलीत?"

"तुमीच म्हनलात ना, पाच मिन्टाचं एक असतंय, मधी उजेड पडला की गेलं." त्यांनी चहाचं भांडं खाली उतरवलं. "कुलपं काय, हातानं चाचपली तरी कळत्यात."

"मला उठवायचं होतं ना!"

"लई गाढ झोपलतात. आन् परवा बी गेलतेच की मी. तुमी कॉम्प्यूटरात तोंड घालून बसलतात."

मी परवाच्या रात्री जागी होते. दहा पावलांवर होते. एक बाई दुखरे गुडघे घेऊन अंधारात सात घरं चाचपत माझ्या पाठीमागून गेली आणि मला पत्ता नाही. मला लाज वाटली. अगदी सरळ, साधी, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तशी लाज. पायाला लावायला माझ्याकडे मलम होतं, ते लावून दिलं, त्याहून काही सुचलं नाही.

शेवटची संध्याकाळ

चित्र आता तयार आहे. गुलाबाचा गाभा भरलाय, मोरपंखी. नीट बघणाऱ्याला तो थोडा खरबरीत दिसतो, कारण ऑक्सिजन तीन रात्रींचा हवा होता आणि आहे दोनच रात्रींचा. आमच्या ग्रुपमधल्या एका जाणकारांनी लगेच विचारलं, "चौथी रात्र का सोडलीत? ढग आले का?"

ढग नव्हते. चौथ्या संध्याकाळी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं होतं. मी चार वाजताच दुर्बीण उतरवली आणि वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवला.

"कावून हो?" मावशी म्हणाल्या. "आज बी रात हाय की तुमची."

"झालं माझं काम," मी म्हणाले. झालं नव्हतं.

दिवेलागणीला जुडगा मी घेतला. मावशी लंगडत मागून येत होत्या आणि तोंड चालू होतं. ह्या कुलपाला आदी दाबा, मंग फिरवा. आता हितं उंबरा उच हाय, बघून. न्हाई न्हाई, खालचं बटन. एका घरात कोपऱ्यात दोन रिकामे हंडे पालथे घातलेले होते, एकात लहान मुलाची सायकल दोरीनं आढ्याला टांगलेली. एकेक बल्ब पेटत गेला. सातवा पेटला तेव्हा मावशींच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. त्यांनी तो सवयीनं स्पीकरवर टाकला.

एका बाईचा आवाज, मागे ट्रॅक्टर चालू असल्याचा गोंगाट. "मावशी, लाईट लावली का गं?"

"लावली," मावशी म्हणाल्या. "सातीबी लावल्या. तुमी जेवलात का?"

तिकडून काहीतरी हसणं, कुणाच्या तरी खोकल्याची चौकशी, आणि फोन बंद झाला.

"कोण होतं?"

"ज्या पोरीची पेटी गेलती न्हाई का, तिची आई. समद्यांच्या वतीनं तीच इचारती."

मी जुडगा त्यांच्या हातात दिला. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "रोज येतो हा फोन?"

"रोज. ह्याच टायमाला."

"मग काल आणि परवा काय सांगितलंत?"

मावशींनी फोन पुन्हा कमरेला खोचला आणि घराकडे चालू लागल्या.

"लावली म्हनले," त्या म्हणाल्या. "आन् लावली तर न्हवती. मंग झोप कुठून यावी?"